नसेचं म्हणणं ऐकणारी सुई

१९ डिसेंबर १९३२. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एका तरुणाची पाठ उघडली गेली. बर्फावर स्कीइंग करताना तो पडला होता आणि तेव्हापासून पायातली कळ काही केल्या हटत नव्हती. मज्जारज्जूच्या पोकळीत गाठ असावी असं शस्त्रक्रियेआधीचं निदान होतं. शल्यविशारद विल्यम जेसन मिक्सटर यांनी आत सापडलेला गोळा काढून पॅथॉलॉजीकडे पाठवला. उत्तर आलं : कूर्चेची गाठ. त्या काळात अशा गोळ्यांना हेच नाव मिळत असे. बर्लिनमध्ये ओपेनहाइम आणि क्राउझ यांनी १९०९ साली असाच गोळा नोंदवला आणि त्यालाही गाठच म्हटलं.

या वेळी मात्र प्रकरण तिथं मिटलं नाही. याला कारण झाले हाडांचे डॉक्टर जोसेफ सीटन बार. ड्रेस्डेनचे पॅथॉलॉजिस्ट क्रिस्टियान गेओर्ग श्मोर्ल शवविच्छेदनात हजारो कणे उभे चिरून तपासत होते. त्यांचा ग्रंथ बार यांच्याकडे परीक्षणासाठी आला होता. दोन मणक्यांमधली गादी झिजते, फुटते, तिचा गाभा मागे सरकून बाहेर येतो, हे त्यात चित्रांसह होतं. पायदुखीशी त्याचा संबंध श्मोर्ल यांनी लावलेला नव्हता. तो बार यांनी लावला. बाटलीतल्या त्या तुकड्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं, पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅलरी यांच्यासह जुन्या काचपट्ट्या बाहेर काढल्या, आणि गाठ म्हणून नोंदवलेले कितीतरी नमुने प्रत्यक्षात फुटलेल्या गादीचे तुकडे निघाले. मिक्सटर आणि बार यांचा लेख न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २ ऑगस्ट १९३४ रोजी छापून आला. त्यात १९ रुग्ण होते. आज आपल्याकडे गावोगाव 'गादी सरकली', 'नस दबली' असं म्हटलं जातं, त्या बोलण्याचा जन्म या लेखात आहे.

कमरेतून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या कळेचा उगम नसेत आहे, हे मात्र त्याआधीच ठाऊक होतं. नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली सायटिकावर ग्रंथ लिहून सांध्याचं दुखणं आणि नसेचं दुखणं वेगळं काढलं होतं. रुग्णाला उताणं निजवून सरळ पाय उचलायचा आणि कळ येते का पाहायची, ही आजही प्रत्येक डॉक्टर करतो ती तपासणी पॅरिसच्या लासेग यांच्या नावानं चालते. त्यांच्या शिष्यानं ती १८८१ च्या प्रबंधात लिहिली. पण एक वर्ष आधी, १८८० साली, बेलग्रेडच्या लाझा लाझारेविच यांनी ती सर्बियन भाषेत मांडली होती आणि पाय उचलताना नस ताणली जाते म्हणून दुखतं हे कारणही दिलं होतं. लाझारेविच हे सर्बियाचे नामवंत कथालेखक. त्यांच्या देशात ते कथांसाठी वाचले जातात, आणि जगभर त्यांची तपासणी दुसऱ्याच्या नावानं होते. लहान भाषेत लिहिलेलं शास्त्र असं मागे राहतं, याची खंत मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको.

१९३४ नंतर प्रश्न बदलला. दुखणं कापून काढता येईल अशी एक वस्तू आता हाती आली होती. पण पाठ उघडण्यापूर्वी ती शोधायची कशी? क्ष-किरणांत हाड दिसतं, गादी दिसत नाही. पॅरिसमध्ये सिकार आणि फॉरेस्तिए यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी आयोडीनयुक्त तेल कण्याच्या पोकळीत सोडून क्ष-किरण चित्र काढण्याची रीत काढली होती. तेल जिथं अडेल तिथं अडथळा. याला मायलोग्राम म्हणतात. तेल आत राहिलं की मज्जारज्जूच्या आवरणाला सूज येई, आणि काही रुग्णांना ते दुखणं मूळ दुखण्यापेक्षा जास्त काळ पुरलं. तरीही शल्यविशारदांना ही रीत प्रिय झाली, कारण तिच्यात काहीतरी डोळ्यांना दिसत होतं. दिसतं ते खरं, हा माणसाचा जुना विश्वास आहे. कमरेच्या दुखण्याच्या पुढच्या साठ वर्षांवर या विश्वासानं राज्य केलं. त्या राज्यात एक वेगळा साक्षीदार उभा राहिला, त्याची ही कथा आहे.

नसेत आणि स्नायूत वीज वाहते हे बोलोन्याच्या गॅल्व्हानींनी १७९१ साली बेडकाच्या पायांवर दाखवलं. १८४९ मध्ये बर्लिनच्या एमिल द्यु बॉय-रेमों यांनी माणसाच्या स्नायूतली वीज पकडली. प्रयोग पाहण्यासारखा होता. दोन भांड्यांत मिठाचं पाणी, प्रत्येकात एका हाताची बोटं, आणि दोन्ही भांडी हजारो वेढ्यांच्या तारेच्या गॅल्व्हनोमीटरला जोडलेली. एक हात घट्ट आवळला की काटा हलायचा. पण फारच थोडा. कातडी वीज अडवते हे ओळखून त्यांनी हातावर फोड आणून वरची कातडी काढली आणि उघड्या मांसावर प्रयोग केला. काटा जोरात हलला. पुढच्याच वर्षी, १८५० साली, क्योनिग्सबर्गला हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेतला संदेश सेकंदाला सुमारे २७ मीटर वेगानं जातो हे मोजलं. त्यांचे गुरू योहानेस म्यूलर यांना हा वेग कधी मोजता येईल असं वाटत नव्हतं.

विजेचा उपयोग निदानासाठी करायला फ्रान्समध्ये ड्युशेन आणि जर्मनीत एर्ब यांनी सुरुवात केली. नस तुटलेला स्नायू तुटक विद्युत्प्रवाहाला दाद देत नाही आणि सलग प्रवाहाला मंद, सुस्त आकुंचन पावतो, हे एर्ब यांचं निरीक्षण पुढची सत्तर-ऐंशी वर्षं रुग्णालयांत वापरलं गेलं. पण ही परीक्षा ढोबळ होती. नस पुरती मेली असेल तर ती सांगायची. सायटिकात नस पुरती मरत नाही. शेकडो तंतूंच्या जुडग्यातले काही तंतू दबून जातात, बाकीचे शाबूत असतात. हा अर्धामुर्धा घाव टिपायला फार बारीक कान हवा होता.

तो कान केंब्रिजमध्ये तयार झाला. पहिल्या महायुद्धानं रेडिओचे व्हॉल्व्ह दिले होते आणि त्यांच्या साहाय्यानं अत्यंत क्षीण वीज हजारो पटींनी वाढवता येऊ लागली होती. एडगर एड्रियन आणि अमेरिकेहून आलेले डेटलेव्ह ब्रॉन्क यांनी १९२९ साली इंजेक्शनची पोकळ सुई घेतली, तिच्यातून वेष्टण चढवलेली बारीक तार ओवली आणि ती स्नायूत टोचली. तार आणि सुईची नळी यांच्यामधला विद्युद्‌दाब तेवढा नोंदवायचा. त्यामुळे सगळ्या स्नायूचा गलका बाजूला राहून सुईच्या टोकाजवळच्या मोजक्या तंतूंचंच ऐकू येऊ लागलं. इथं ऐकू येणं हे शब्दशः घ्यायचं. एड्रियन यांनी संकेत लाउडस्पीकरला जोडले होते. हलकेच जोर लावला की टप्‌, टप्‌, टप्‌. जोर वाढवला की टप्पे वाढत जाऊन एकच खळखळाट. पाठीच्या कण्यातली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीतले स्नायुतंतू, असा एकेक घटक माणसाला पहिल्यांदा स्वतंत्रपणे ऐकू आला. एड्रियन यांना १९३२ साली शेरिंग्टन यांच्यासह नोबेल मिळालं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये मिक्सटर यांनी ती पाठ उघडली होती. या दोन घटनांची गाठ पडायला अजून अठरा वर्षं जायची होती.

मधला दुवा जोडला डेनी-ब्राउन आणि पेनीबेकर यांनी. १९३८ मधल्या त्यांच्या लेखात त्यांनी एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. कातडीखाली डोळ्यांना दिसणारी फडफड वेगळी आणि नसेशी नातं तुटलेल्या एकेका स्नायुतंतूची, बाहेरून न दिसणारी कंपनं वेगळी. त्या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी फिब्रिलेशन म्हटलं. नसेचा धागा तुटला की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायुतंतू लगेच मरत नाही. तो पोरका होतो, आणि काही दिवसांनी कुणाच्याही आज्ञेविना, आपल्या तालात, एकटाच धडधडू लागतो. रुग्ण पाय सैल सोडून निजलेला असावा, खोलीत शांतता असावी आणि सुई आत जाताच यंत्रातून तडतड यावी. इंग्रजी पाठ्यपुस्तकं या आवाजाला पत्र्यावरच्या पावसाची उपमा देतात. कोकणातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. निरोगी, विसावलेला स्नायू नि:शब्द असतो. तिथं पाऊस ऐकू आला की बहुधा वर कुठंतरी तंतू तुटलेले असतात.

मग दुसरं महायुद्ध आलं. गोळ्या आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी हातापायांच्या नसा तुटलेले हजारो सैनिक रुग्णालयांत आले. प्रत्येकाच्या बाबतीत सर्जनांना एकच पेच : नस तुटली आहे की नुसती दबली आहे? शिवायची की वाट पाहायची? ऑक्सफर्डमध्ये ग्रॅहॅम वेडेल आणि सहकाऱ्यांनी सुई लावून या प्रश्नाची उत्तरं शोधली आणि १९४४ मध्ये निरोगी व विकारग्रस्त स्नायूंचा विद्युत्‌ आलेख सविस्तर प्रसिद्ध केला. माँट्रियलमध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी कॅनडाच्या सैन्यासाठी यंत्रं बांधली. त्यांनी आणि बॅलेम यांनी १९४९ मध्ये पोरक्या स्नायूत सापडणाऱ्या आणखी एका प्रकारच्या टोकदार लहरींचं वर्णन केलं. आजही ती खूण फिब्रिलेशनच्या जोडीनं वाचली जाते. वेदनेच्या या अफाट साठ्यातून एक शास्त्र उभं राहिलं, हे लिहिताना हात जड होतो. पण ते खरं आहे. शांततेच्या काळात कुणालाही इतक्या तुटलेल्या नसा इतक्या थोड्या अवधीत तपासायला मिळाल्या नसत्या.

युद्ध संपल्यावर ही यंत्रं आणि ती चालवणारी माणसं सामान्य रुग्णांकडे वळली. मानेच्या फुटलेल्या गादीच्या निदानात स्नायूंच्या विद्युत्‌ आलेखाचा उपयोग मेरी ब्रेझियर आणि सहकाऱ्यांनी १९४६ साली मांडला. १९५० साली शे, वुड्स आणि वर्डेन यांनी मज्जातंतूंची मुळं दबल्याचं निदान सुईनं कसं करायचं हे व्यवस्थित लिहिलं. बॉस्टनची गादी आणि केंब्रिजची सुई इथं एकत्र आली. १९५३ मध्ये अमेरिकेत या विद्येची संघटना स्थापन झाली. कोपनहेगनमध्ये फ्रिट्झ बुख्थाल यांच्या प्रयोगशाळेनं मोजमापांना शिस्त लावली. स्वीडनमध्ये क्नुटसन यांनी १९६१ साली हातानं केलेली तपासणी, मायलोग्राम आणि सुई या तिघांची शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष सापडलेल्या गोष्टींशी तुलना करणारा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सुई या पंगतीत बरोबरीनं बसली.

या विद्येचा गाभा थोडा थांबून समजून घेण्यासारखा आहे. तिचं सौंदर्य यंत्रात नाही, शरीररचनेच्या हिशेबात आहे.

कण्यातून प्रत्येक पातळीवर उजवी-डावी अशी मुळं निघतात. पुढं ती एकमेकांत मिसळतात, फाटतात आणि नवी नावं घेऊन पायात उतरतात. जणू वऱ्हाड एका गावातून निघावं, वाटेत चार गावांचे लोक मिसळावेत आणि पुढच्या मुक्कामी वेगळ्याच गाड्यांतून उतरावेत. कोण कुठल्या गावचा हे गाडीवरून कळत नाही. पण पायातले पाच-सहा स्नायू नीट निवडले तर कळतं. नडगीवरचा पाऊल उचलणारा स्नायू आणि अंगठा वर करणारा स्नायू यांत कमरेच्या पाचव्या मुळाचा वाटा मोठा. पोटरीत त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाचा. नितंबाच्या बाजूचा स्नायू पुन्हा पाचव्या मुळाचा, पण तो वेगळ्याच नसेवर चालतो. पाऊस जर एकाच मुळाच्या पण वेगवेगळ्या नसांच्या स्नायूंत ऐकू आला आणि शेजारच्या मुळाचे स्नायू शांत असले, तर घाव मुळाशी आहे.

यात सगळ्यात मोलाची साक्ष देतात कण्याला लागून असलेले पाठीचे स्नायू. मूळ कण्याबाहेर पडताच पहिली फांदी मागे वळून त्यांच्याकडे जाते. घाव पायात असेल तर ते शांत राहतात. घाव मुळाशी असेल तर ते बोलतात, आणि लवकर बोलतात. नस दुखावल्यावर आठवडा-दहा दिवसांत पाठीत फिब्रिलेशन मिळू शकतं. पायाच्या स्नायूंत दोन-तीन आठवडे, तर पावलाच्या टोकाशी पाच-सहा आठवडेही लागतात. कळ सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी तपासणी करून 'नॉर्मल' असा कागद घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. त्या दिवशी नस बरी होती असं तो कागद सांगत नाही. तिला बोलायला अजून वेळ मिळालेला नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

दुसरी खूण याहून सूक्ष्म आहे. स्पर्शाच्या तंतूंच्या मूळ पेशी मज्जारज्जूत नसतात. त्या कण्यातून बाहेर पडायच्या वाटेवर छोट्या गाठीत राहतात. सरकलेली गादी सहसा त्या गाठीच्या आतल्या बाजूला मुळाला चेपते. परिणाम असा की रुग्णाचं पाऊल बधिर असतं, सुई टोचलेली कळत नाही, आणि तरीही पावलाकडच्या तंतूंची आपल्या पेशींशी जोड शाबूत असते. पायावर विद्युत्‌ झटका देऊन स्पर्शनसेची लहर मोजली तर ती अगदी ठणठणीत निघते. बधिर पाऊल आणि निरोगी लहर यांचा असा मेळ बसला की घाव वर, मुळाशी. लहर खचली असेल तर घाव खाली, नसेच्या वाटेवर.

याचा उपयोग नेमका कुठं होतो? पाऊल लोंबू लागलेला माणूस घ्या. चालताना चप्पल निसटते, पावलाचा पुढचा भाग जमिनीवर आपटतो. गादीमुळे पाचवं मूळ दबलं असेल तर हे होतं. पण तासन्‌तास उकिडवं बसून काम करणाऱ्याचीही गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबून पाऊल असंच लोंबतं. या दोघांच्या एमआरआयच्या चित्रात कदाचित सारखीच फुगलेली गादी दिसेल. एकाला शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल, दुसऱ्याला बसण्याची सवय बदलून वाट पाहता येईल. हा फरक सुई आणि झटके मिळून अर्ध्या-पाऊण तासात सांगू शकतात.

नसेचा वेग मोजणं, ज्याला आपल्याकडे एनसीव्ही म्हणतात, तेही याच काळात रुग्णालयात आलं. हॉड्स, लाराबी आणि जर्मन यांनी १९४८ साली माणसाच्या चालक नसांचा वेग मोजून दाखवला. पण गादीच्या दुखण्यात नुसता वेग फारसा कामाचा नाही. घाव वर कण्यात आणि मोजणी खाली पायात. शिवाय एकेका नसेत अनेक मुळांचे तंतू असतात, त्यामुळे एक मूळ अर्धं दुखावलं तरी उरलेले तंतू संदेश नेहमीच्याच वेगानं नेतात. या अडचणीवर अंशतः तोड निघाली ती फ्रायबुर्गचे पाउल हॉफमन यांच्या जुन्या निरीक्षणातून. गुडघ्यामागच्या नसेला हलका झटका दिला की लहर वर कण्यापर्यंत जाते आणि परत येऊन पोटरीला हलवते. जॉन्स हॉपकिन्समधल्या मॅगलाडेरी आणि मॅकडूगल यांनी १९५० साली या फेरीला हॉफमन यांच्या नावाचं आद्याक्षर दिलं. ही एच-रिफ्लेक्स. ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रॅडम आणि अर्नेस्ट जॉन्सन यांनी १९७४ मध्ये तिची मापं ठरवली : पायाची लांबी आणि वय यांवरून अपेक्षित वेळ काढायची, उजव्या-डाव्याची तुलना करायची. फेरी साधारण ३० मिलिसेकंदांची. एका बाजूची दीड मिलिसेकंदानं जरी रेंगाळली तरी त्रिकास्थीच्या पहिल्या मुळावर संशय घ्यायचा.

आणि तरीही राज्य चित्रांचंच राहिलं. त्या राज्याला पहिला मोठा तडा गेला १९६८ साली. हिट्सेलबर्गर आणि विटन यांच्याकडे कानाच्या नसेची गाठ शोधण्यासाठी मायलोग्राम केलेले ३०० रुग्ण होते. त्यांना कमरेचं किंवा पायाचं दुखणं कधीच नव्हतं. तेल कण्यातून जाणारच होतं, म्हणून त्यांनी सबंध कण्याची चित्रं पाहिली. ३७ टक्के लोकांत दोष दिसला. नुसत्या कमरेचा हिशेब केला तर २४ टक्के. म्हणजे ज्या सावलीवर बोट ठेवून सर्जन पाठ उघडत होते, तीच सावली चारांपैकी एका निरोगी माणसाच्या कमरेत होती.

हा आकडा वाचून तरी सगळे थांबले असते, असं वाटतं. पण चित्र सुधारलं की विश्वास पुन्हा नवा होतो. सीटी स्कॅन आला. १९८४ मध्ये वीझेल यांच्या गटानं न दुखणाऱ्यांचे सीटी पाहिले, सुमारे ३५ टक्क्यांत दोष. मग एमआरआय आला, आणि गादी जशी आहे तशी दिसू लागली. १९९० मध्ये बोडेन आणि सहकाऱ्यांनी कधीही कंबर न दुखलेल्या ६७ जणांचे एमआरआय वाचले. साठीच्या आतल्या पाचांपैकी एकाची गादी सरकलेली होती, साठीपुढच्यांत ३६ टक्क्यांची. १९९४ मध्ये जेन्सन यांच्या अभ्यासात ९८ निरोगी माणसांपैकी ५२ टक्क्यांना कुठल्यातरी पातळीवर फुगवटा, २७ टक्क्यांना गादी बाहेर डोकावलेली. एकही दोष नसलेले केवळ ३६ टक्के. चित्र खोटं बोलत नव्हतं. त्याला जो प्रश्न विचारला जात होता, त्याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. गादी कुठं आहे हे चित्र सांगतं. नसेला तिचा काच आहे का, हे नसेलाच विचारावं लागतं.

उलट दिशेनंही हेच. गादी जागेवर असूनही मुळं आजारी पडतात. १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ होती. त्यानंतर डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांकडे काही रुग्ण आले : डोळे बरे झाल्यावर कंबर-पायात कळा आणि मग पोलिओसारखी पायांची लुळी कमजोरी. कमरेच्या मुळांचा आणि मज्जारज्जूचा हा दाह त्यांनी १९७२ आणि १९७३ मध्ये लॅन्सेटमधून जगापुढं मांडला. नागिणीची कळ पुरळ उठण्याआधी सायटिकासारखी येते. मधुमेहात मांडीची मुळं सुजून मांडी वितळल्यासारखी बारीक होते. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या राज्यात पन्नाशीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये फुगलेली गादी सापडणं अवघड नाही. पायाच्या कमजोरीचं खापर तिच्यावर फोडणं त्याहून सोपं. अशा वेळी पाऊस अनेक मुळांच्या प्रदेशांत एकदम ऐकू येतो आणि गादी निर्दोष ठरते.

सुईची थोरवी सांगताना तिची मर्यादाही तितक्याच ठामपणे सांगितली पाहिजे. ती वेदना मोजत नाही. वेदनेचे तंतू स्पर्शाच्या बाजूनं जातात आणि सुई ऐकते स्नायूंचं. एखाद्याचं मूळ नुसतं चिडलेलं असेल, त्याला उभं राहवत नसेल, आणि चालक तंतू शाबूत असतील, तर सुई काहीच सांगणार नाही. अशा रुग्णाला 'तुला काही झालेलं नाही' असं म्हणणं हा त्या तपासणीचा आणि त्या माणसाचा अपमान आहे. पाठीवर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल तर कापलेल्या स्नायूंत फिब्रिलेशन कायम राहू शकतं आणि तिथली साक्ष बाद होते. म्हातारपणी पाठीच्या स्नायूंत थोडी कंपनं उगाचही सापडतात. किती स्नायू तपासले हेही पाहावं लागतं. पाठीचे धरून सहा स्नायू नीट निवडून तपासले तर सुईला सापडू शकणारा मुळांचा घाव जवळजवळ निसटत नाही, हे डिलिंगहॅम यांच्या गटानं २००० साली दाखवलं. दोन स्नायू टोचून लिहिलेल्या अहवालाला तेवढं वजन देता येत नाही. आणि गादीसाठी सुई न लावता नुसती एनसीव्ही करून दिलेला कागद तर मुख्य प्रश्नाला हातच घालत नाही.

माझं मत असं की या विद्येची खरी परंपरा यंत्राची नाही, ऐकण्याची आहे. अर्नेस्ट जॉन्सन यांच्यासारख्यांनी ही तपासणी शारीरिक तपासणीचाच पुढचा टप्पा मानली. म्हणजे सुई धरणाऱ्यानं आधी रुग्णाचं म्हणणं ऐकावं, पाय उचलून पाहावा, टाचेवर आणि चवड्यावर चालवून पाहावं आणि मग ठरवावं की कुठल्या स्नायूला काय विचारायचं. आधी संशय हवा, मग सुई. ज्याच्या कळेची गोष्ट, तपासणी आणि चित्र एकमेकांशी जुळतात, त्याला सुईची गरजही नाही. ती कामाची तेव्हा, जेव्हा चित्र एक सांगतं आणि शरीर दुसरं.

आणि घाई? नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी गादीच्या १२६ रुग्णांची शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेविना उपचार अशा दोन गटांत चिठ्ठ्या टाकून विभागणी केली, दहा वर्षं पाठपुरावा केला आणि १९८३ साली निष्कर्ष छापले. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले स्पष्टपणे बरे होते. चार वर्षांनी फरक उरला तो थोडा, आणि दहाव्या वर्षी जवळपास नाहीसा झाला. बहुतेक सरकलेल्या गाद्या शरीर स्वतःच हळूहळू आवरून घेतं. दुखावलेल्या नसेच्या शेजारच्या शाबूत तंतूंना फांद्या फुटतात आणि त्या पोरक्या स्नायुतंतूंना पदरात घेतात. सुईला हेही ऐकू येतं : पाऊस ओसरत जातो आणि त्याच्या जागी मोठे, दमदार टप्पे येऊ लागतात.

तेव्हा तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या हातात फुगलेल्या गादीचा कागद आला, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा : या चित्रातली गादी आणि या पायातली कळ एकाच मुळाची आहेत, हे कशावरून? डॉक्टरांनी पाय तपासून उत्तर दिलं तर पुरेसं आहे. शंका उरली तर तीन आठवडे उलटल्यावर सुईची तपासणी करून घ्या, आणि ती पूर्ण करून घ्या. मात्र लघवी तुंबली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला, बसण्याच्या जागेचा भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली शक्ती झपाट्यानं जाऊ लागली, तर कुठल्याही सुईची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, मोठ्या रुग्णालयात पोहोचा.